शाळेत की शाळेच्या आवारात? समावेशक शिक्षणाचे संशोधन काय सांगते

(कार्यकर्ता शिबिरातील अभ्याससत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पहिल्या सत्रांत वेतन, पेन्शन आणि रिक्त पदे या विषयांवर चर्चा झाली. आता मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाल्यावर आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल की हा विषय शिक्षक संघटनेचा. आपण गाड्या चालवणारी आणि टपाल वाटणारी माणसे, आपला त्याच्याशी काय संबंध? सुरुवातीला आम्हालाही तसेच वाटले होते. आमच्या अभ्यासगटात आम्ही तिघे आहोत, दोघे रेल्वेतले आणि एक टपालातला. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. पण गेल्या वर्षी शाखेच्या बैठकीत एका सहकाऱ्याने असा प्रश्न विचारला की आम्हाला या विषयाकडे वळावेच लागले.

हा सहकारी पॉइंट्समन आहे. मुलगा दहा वर्षांचा. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. समज चांगली आहे, पण बोलणे अस्पष्ट आणि हात थरथरतात, त्यामुळे लिहिणे जमत नाही. मध्य प्रदेशातल्या एका जंक्शनवर बदली झाली तेव्हा त्याने मुलाचे नाव तिथल्या शाळेत घातले. शाळेने नकार दिला नाही. पटावर नाव चढले, पुस्तके मिळाली, दुपारचे जेवण मिळू लागले. एकदा ड्यूटी बदलल्यामुळे हा गृहस्थ दुपारीच शाळेत गेला. पाहतो तो मुलगा व्हरांड्यात एकटा बसलेला आणि आत गणिताचा तास चालू. विचारल्यावर उत्तर मिळाले, "त्याला इथे बरं वाटतं. आणि त्याला शिकवायला विशेष शिक्षक येतात की आठवड्यातून एकदा!" त्या आठवड्यात ते शिक्षक आलेच नव्हते. बैठकीत त्याने आम्हाला विचारले, "माझा मुलगा शाळेत आहे की शाळेच्या आवारात आहे, हे मला कोणी सांगेल का?"

त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे आम्ही मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की गेल्या पन्नास वर्षांचे संशोधन याच प्रश्नाभोवती फिरत आहे. जे वाचले ते सोप्या भाषेत आपल्यापुढे ठेवतो.

प्रश्न कसा बदलत गेला

आपल्याकडे दिव्यांग मुलांच्या शिक्षणाची सुरुवात वेगळ्या शाळांतून झाली. मुंबईत १८८० च्या दशकात मूकबधिर मुलांसाठी आणि १९०० साली अंध मुलांसाठी शाळा निघाली. ज्या काळी या मुलांना कोणी दारात उभे करत नव्हते त्या काळी या शाळांनी दार उघडले, हे ऋण विसरून चालणार नाही. पण अशा शाळा मोठ्या शहरांत आणि मोजक्या. खेड्यातल्या मुलाचे काय? १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने सांगितले की अपंग मुलांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच भाग असला पाहिजे. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. १९७४ मध्ये केंद्र सरकारची अपंग एकात्म शिक्षण योजना आली आणि मुले साध्या शाळांत जाऊ लागली.

त्या काळातले संशोधन बव्हंशी मुलाला तपासणारे होते. याला किती ऐकू येते, किती दिसते, बुद्ध्यांक किती, आणि मग हा साध्या शाळेत बसू शकेल की नाही. म्हणजे शाळा आहे तशीच राहणार आणि बदलायचे ते मुलाने.

हे चित्र हळूहळू पालटले. १९७७ मध्ये इटलीने कायदा करून शाळांतले वेगळे वर्ग बंद केले. १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये वॉर्नॉक समितीने दाखवून दिले की शाळेतल्या पाचापैकी एका मुलाला केव्हा ना केव्हा विशेष मदतीची गरज पडते, म्हणजे हा प्रश्न मूठभरांचा नाही. आपल्याकडे १९८७ मध्ये युनिसेफ आणि एनसीईआरटी यांनी देशात दहा ठिकाणी एकेक गट निवडून प्रकल्प सुरू केला. त्यात महाराष्ट्रही होता. तिथे एखाद्याच शाळेत एखादा तज्ज्ञ नेमण्याऐवजी गटातल्या सगळ्या प्राथमिक शिक्षकांना आठवडाभराचे, त्यातल्या काहींना सहा आठवड्यांचे आणि अगदी मोजक्यांना वर्षभराचे प्रशिक्षण दिले गेले. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे ९२ देशांच्या सरकारांनी जाहीरनामा मान्य केला की साध्या शाळेनेच सर्व मुलांना सामावून घ्यावे. आणि २००० साली टोनी बूथ आणि मेल एन्स्को या अभ्यासकांनी ब्रिटनमध्ये एक प्रश्नावली तयार केली, जिच्यात तपासणी मुलाची नसून शाळेची होती. आमच्या शाळेत कोण मागे पडते, कशामुळे पडते, हे शाळेने स्वतःलाच विचारायचे.

रेल्वेतल्या माणसाला हा फरक चटकन कळेल. फलाट खाली आणि डब्याची पायरी वर असेल तर म्हातारी बाई गाडीत चढू शकत नाही. दोष तिच्या गुडघ्यांचा की फलाटाच्या उंचीचा? पूर्वीचे संशोधन गुडघे मोजत होते. आताचे फलाट मोजते.

कायद्यानेही हीच दिशा घेतली. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, २०१० पासून अंमलात आलेला शिक्षण हक्क कायदा, आणि दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करणारा २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. या शेवटच्या कायद्याने समावेशक शिक्षणाची व्याख्याच दिली: दिव्यांग आणि इतर मुले एकत्र शिकतील, आणि शिकवण्याची पद्धत सर्व प्रकारच्या मुलांच्या गरजांप्रमाणे बदलून घेतली जाईल. ही व्याख्या मानली तर व्हरांड्यात बसणे हे समावेशक शिक्षण होत नाही.

मोजदाद

आता आकड्यांकडे येऊ. २०१९ मध्ये युनेस्कोने भारतातील दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर एक अहवाल काढला. तो मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सहकार्याने तयार झाला होता. २०११ च्या जनगणनेनुसार देशात १९ वर्षांपर्यंतची सुमारे ७८ लाख ६४ हजार दिव्यांग मुले होती. त्यांतल्या पाच ते एकोणीस वयोगटातील ६१ टक्के मुले शिक्षणसंस्थेत जात होती, १२ टक्के मधूनच सुटली होती आणि २७ टक्के मुलांनी शाळेची पायरीही चढलेली नव्हती. पाच वर्षांच्या मुलांत तर चारांपैकी तीन कुठेच जात नव्हती. जसजशी इयत्ता वाढते तसतशी संख्या झपाट्याने घटते आणि मुलांपेक्षा मुली कमी, हेही त्या अहवालात नोंदले आहे.

इतकी लहान मुले बाहेर का राहतात? मुंबईत १९७०च्या दशकाच्या आरंभी स्पास्टिक्स सोसायटीचे काम उभे करणाऱ्या डॉ. मिठू अलूर यांनी लंडन विद्यापीठासाठी केलेल्या संशोधनात याचे एक कारण सापडते. जगातली सर्वांत मोठी बालविकास योजना म्हणून आपली अंगणवाडी योजना ओळखली जाते. परंतु धोरण आखतानाच त्या योजनेत दिव्यांग बालकाचा विचार झाला नव्हता, असे त्यांनी दाखवून दिले. अंगणवाडीच्या दारातच जे मूल गळले ते पहिलीत कुठून येणार?

पोस्टमन बंधूंना आम्ही मुद्दाम एक गोष्ट सांगतो. दुपारी बारा वाजता कोणत्या घरात शाळेच्या वयाचे मूल खिडकीशी बसलेले असते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? २०१६ च्या कायद्यात दर पाच वर्षांनी अशा मुलांचे सर्वेक्षण करण्याची तरतूद आहे. सर्वेक्षण येईल तेव्हा येईल. तोवर पालकांशी दोन शब्द बोलून त्यांना जवळच्या मुख्याध्यापकांची किंवा गटसाधन केंद्राची वाट दाखवायला कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.

एकत्र शिकण्याने फायदा होतो का?

आपल्यातलेच काही पालक खाजगीत विचारतात, अशी मुले वर्गात आली तर आमच्या मुलांचे नुकसान होणार नाही का? प्रश्न मनात दाबून ठेवण्यापेक्षा विचारलेला बरा. २०१७ मध्ये पोलंडच्या संशोधकांनी ४७ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत मिळून सुमारे ४८ लाख विद्यार्थी होते. दिव्यांग मुलांसोबत शिकणाऱ्या इतर मुलांच्या अभ्यासाचे सरासरीने नुकसान झालेले नव्हते. उलट थोडासा फायदाच दिसला. तेव्हा ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणू शकतो.

खुद्द दिव्यांग मुलांचे काय? येथे मात्र प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. २०१६ मध्ये थॉमस हेहिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ देशांतील २८० हून अधिक अभ्यास तपासून समावेशक शिक्षणाच्या बाजूने कौल दिला. पण २०२२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी अधिक कडक कसोट्या लावून केलेल्या आढाव्यात आढळले की नुसते साध्या वर्गात बसवल्याने सरासरीने ना फायदा दिसतो ना तोटा. काही मुलांना लाभ होतो, काहींना वेगळ्या व्यवस्थेत अधिक बरे जमते. ज्या वॉर्नॉक बाईंच्या समितीने १९७८ मध्ये नवी वाट दाखवली, त्यांनीच २००५ मध्ये लिहिले की सगळ्यांना एकाच छपराखाली आणण्याच्या हट्टाचा फेरविचार व्हावा.

याचा अर्थ वेगळ्या शाळांकडे परत चला, असा आम्ही घेत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ असा की जागा बदलली म्हणजे शिक्षण बदलले असे होत नाही. म्हणूनच अलीकडचे संशोधन "वर्गात बसवावे की बसवू नये" हे विचारायचे सोडून "वर्गात बसल्यावर काय घडते" हे विचारू लागले आहे.

सगळे येऊन थांबते ते शिक्षकापाशी

वर्गात काय घडते याचा एक मोठा अभ्यास ब्रिटनमध्ये २००३ ते २००९ या काळात पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. अडचण असलेल्या मुलांसाठी तिथे वर्गात मदतनीस नेमले जातात. निष्कर्ष सर्वांना चकित करणारा निघाला. ज्या मुलांना मदतनिसाची मदत सर्वांत जास्त, त्यांची प्रगती सारख्याच पातळीवरच्या इतर मुलांपेक्षा कमी. मदतनीस कामचुकार होते असे नव्हे. मदतनीस आला की वर्गशिक्षक त्या मुलाशी बोलायचेच कमी झाले. "त्याला पाहणारा माणूस आहे" म्हटले की जबाबदारी संपली. आमच्या पॉइंट्समन सहकाऱ्याला शाळेत मिळालेले उत्तर आठवा. तेही हेच होते.

दुसरा अभ्यास मुंबईचा, २००६ साली प्रसिद्ध झालेला. कला परशुराम यांनी मुंबईतल्या साध्या शाळांतील शिक्षकांची समावेशक शिक्षणाविषयीची वृत्ती तपासली. त्या वृत्तीवर खरा परिणाम एकाच गोष्टीचा आढळला. ज्या शिक्षकाची एखाद्या दिव्यांग व्यक्तीशी आधीपासून ओळख होती त्याचे मन या शिक्षणाला अनुकूल होते. म्हणजे माणूस माणसाला भेटला की भीती जाते. पण भेटायला दिव्यांग मूल वर्गात हवे, व्हरांड्यात नव्हे.

आणि आता आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. वर्गशिक्षकाला मार्ग दाखवणारा विशेष शिक्षक कोण आहे? महाराष्ट्रात आणि इतर राज्यांत ही माणसे वर्षानुवर्षे कंत्राटावर राबत आली. एका शिक्षकाकडे अनेक शाळा. आज या गावात, उद्या त्या गावात, आणि करार संपला की पुन्हा अर्ज. ज्याची स्वतःचीच नोकरी वर्षाच्या करारावर आहे त्याने मुलासाठी पाच वर्षांची योजना कशी आखावी? सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी निकाल देताना प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने केंद्र स्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. तरीही देशभरात पदे मंजूर होत नाहीत हे पाहून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा आदेश द्यावा लागला की पदे अधिसूचित करा, जाहिरात द्या आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर असलेल्यांचीही छाननी करून विचार करा.

कंत्राटी पद्धतीने फक्त कामगाराचेच नुकसान होते असे आपण समजत आलो. इथे तर त्या शिक्षकाचे आणि आपल्या मुलाचे नुकसान एकाच कागदावर सही होऊन होते.

भाषेचा प्रश्न

आपल्यापैकी अनेक जण इटारसी, खांडवा, हुबळी, सिकंदराबाद, सुरत अशा ठिकाणी राहतात. घरात मराठी आणि शाळेत हिंदी, कन्नड, तेलुगू किंवा गुजराती. मूल वाचण्यात मागे पडले तर कारण नवी भाषा की वाचनदोष, हे कसे ओळखायचे? अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्राने १९९६ मध्येच पुढाकार घेतला होता. परंतु तपासणीच्या कसोट्या फार काळ प्रामुख्याने इंग्रजीतल्याच होत्या. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजीतून तपासले तर निदान त्याच्या अडचणीचे होते की त्याच्या इंग्रजीचे? या बाबतीत झालेले एक चांगले काम म्हणजे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये पुढे आणलेली 'डाली' ही चाचणी. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत आहे. मुलाच्या स्वतःच्या भाषेत त्याची तपासणी व्हावी हा संशोधनाचा नवा प्रवाह आहे आणि परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो सर्वांत जवळचा आहे. तपासणीला गेलात तर पहिला प्रश्न विचारा: चाचणी कोणत्या भाषेत?

आपण काय करायचे

संशोधन ऐकून टाळ्या वाजवून घरी जाण्यासाठी आपण जमलेलो नाही. म्हणून चार गोष्टी मांडतो.

पहिली, पालकांनी शाळेत काय विचारावे. मुलगा दिवसातून किती तास वर्गात असतो? वर्गशिक्षक स्वतः त्याला शिकवतात का? त्याच्यासाठी शिकवण्यात किंवा परीक्षेत काय बदलले? विशेष शिक्षक शेवटचे केव्हा आले आणि त्यांनी वर्गशिक्षकांना काय सांगितले? "घरीच शिकवू" असे शाळा सुचवत असेल तर लक्षात ठेवा, तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी घरच्या शिक्षणाचा पर्याय निवडण्याचा हक्क मुलाचा आणि पालकांचा आहे. ती शाळेची सोय नव्हे.

दुसरी, बदली. वर्गातल्या शिक्षकाला मूल समजायला वर्ष लागते. तेवढ्यात बापाची बदली झाली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. कार्मिक खात्याच्या आदेशानुसार दिव्यांग मुलाचा मुख्य सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट देता येते. त्यात "प्रशासकीय अडचणींच्या मर्यादेत" अशी मेख आहे. अर्ज नाकारला गेला तर ती अडचण कोणती, हे शाखेने लेखी मागावे.

तिसरी, पैसा. सातव्या वेतन आयोगानंतर दिव्यांग मुलासाठीचा बालशिक्षण भत्ता नेहमीच्या दुप्पट ठरला. १ जानेवारी २०२४ पासून नेहमीचा दर दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे आणि दिव्यांग मुलासाठी ५,६२५ रुपये झाला. आपल्या शाखेत हा दुप्पट भत्ता कोणाचा राहून तर गेलेला नाही ना, हे विचारून पाहा. लाजेपोटी न सांगणारे सहकारी असतात.

चौथी, विशेष शिक्षकांची कायम पदे. ही मागणी त्यांची एकट्याची म्हणून सोडू नका. आपल्या ठरावात ती आली पाहिजे.

बंधू-भगिनींनो, त्या पॉइंट्समनच्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगून संपवतो. शाखेतर्फे आम्ही दोघे-चौघे त्याच्यासोबत शाळेत गेलो. भांडायला नव्हे, बोलायला. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतले. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मला कोणी शिकवलंच नाही हो, याला कसं शिकवायचं ते." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आता मुलगा पहिल्या बाकावर बसतो. उत्तरे तोंडी देतो आणि शेजारचा मुलगा ती लिहून घेतो. बाईंना त्याचे बोलणे हळूहळू कळू लागले आहे. गणितात तो बरा निघाला. विशेष शिक्षक अजूनही कधी येतात, कधी येत नाहीत.

आणि या वर्षीच्या बदल्यांच्या यादीत त्या सहकाऱ्याचे नाव पुन्हा आले आहे. अर्ज दिला आहे, उत्तर आलेले नाही. मुलाच्या बाई त्याचे बोलणे समजू लागल्या, त्याच वर्षी हे घडत आहे. या शिबिरातून परतताना त्या अर्जाचा पाठपुरावा कोण करणार, हे आपण येथेच ठरवून उठावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.